वाचकांचे प्रश्न : डोंगराच्या पायथ्याशी बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येत आहे. शहरातील खर्च झेपत नाही, जीव गुदमरतो, तेव्हा सह्याद्रीच्या आसपासच्या एखाद्या लहान गावी कायमचे राहावयास जावे काय, असे अनेकांनी विचारले आहे. त्यांपैकी तीन पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. मी स्वतः चौदा वर्षांपूर्वी पुणे सोडून वाईस आलो, त्यामुळे उत्तरांत माझा अनुभव ठिकठिकाणी येणार आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ६३ असून पत्नी ६० वर्षांची आहे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा स्वतःच्या मालकीचा फ्लॅट आहे. इमारतीला लिफ्ट नाही. मला दरमहा ३८,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. मुलगी विवाहित असून बंगळुरूला असते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही वाईला चार दिवस राहिलो आणि दोघांचेही मन तेथे रमले. एका एजंटाने धोमच्या बाजूस तीन गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’ दाखवला आहे. डोंबिवलीचा फ्लॅट विकून तो प्लॉट घ्यावा, त्यावर लहानसे घर बांधावे आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवावी असा विचार आहे. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली आहे. पत्नीला मधुमेह आहे. आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण वाईला अवश्य यावे, परंतु फ्लॅट विकून येऊ नये आणि तो प्लॉट घेऊन तर मुळीच येऊ नये. डोंबिवलीचे घर भाड्याने द्यावे, त्या भाड्यात वाईत भाड्याचे घर घ्यावे आणि एक पूर्ण वर्ष, म्हणजे निदान एक अख्खा पावसाळा व एक उन्हाळा, तेथे राहून पाहावे. त्यानंतरच खरेदी-विक्रीचा विचार करावा. असे मी का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

आपण पाहिलेली वाई नोव्हेंबरातील होती. त्या दिवसांत कृष्णेचे पाणी निवळलेले असते, पसरणीच्या बाजूचे डोंगर अजून हिरवे असतात आणि घाटावर सकाळचे ऊन कोवळे असते. त्या वेळी ज्याचे मन येथे रमत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ऑगस्ट मात्र वेगळा असतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी मधल्या आळीतील एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात कपाटातील कातडी चपलांवर हिरवट बुरशी चढली, मिठाच्या बरणीत पाणी सुटले आणि वाळत घातलेले धोतर चौथ्या दिवशीही हाताला गार लागत होते. पत्नीचे गुडघे त्या एका महिन्यात जेवढे दुखले तेवढे पुण्यात वर्षभर दुखत नसत. पुढच्या वर्षी आम्ही वरच्या मजल्यावरचे, पूर्व-पश्चिम उजेडाचे घर पाहिले आणि तो त्रास बराच कमी झाला. मात्र कोणते घर चालेल आणि कोणते चालणार नाही हे आम्हाला त्या पहिल्या पावसाळ्याने शिकवले. त्या दोन खोल्या आम्ही विकत घेतल्या असत्या तर ती शिकवण फार महाग पडली असती.

पावसाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाबळेश्वरला वर्षाला साधारण पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, डोंगराच्या पूर्व अंगाला वसलेल्या वाईत त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. गाव राहण्यास सुसह्य आहे ते त्यामुळेच. पण वाईहून पश्चिमेस, धोम ओलांडून जोर-जांभळीच्या दिशेने जसजसे आत जावे, तसतसा पाऊस झपाट्याने वाढतो. म्हणून ‘वाईजवळ’ या शब्दावर विसंबून राहू नये. आपली जागा वाईपासून कोणत्या दिशेला आणि किती आत आहे हे विचारावे. नदीकाठच्या जागेबाबतही हेच म्हणता येईल. ढोल्या गणपतीचे मंदिर आपण पाहिलेच असेल. सरदार रास्त्यांनी १७६२ च्या सुमारास ते बांधवले, तेव्हा त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली, ती पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून. नदी कोठपर्यंत येते हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. धोम धरणातून पाणी सोडले की घाटाच्या पायऱ्या आजही बुडतात. नदीपासून पन्नास पावलांवर ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून कोणी जागा दाखवत असेल, तर आळीतील एखाद्या सत्तरीच्या आजीबाईंना पाणी कोठवर आले होते ते विचारावे. त्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

आता आपल्या प्लॉटविषयी. ‘फार्महाऊस प्लॉट’ या शब्दाला सातबाऱ्यावर काही अर्थ नाही. जमीन शेतीची असेल, तर १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस ती परवानगीवाचून विकत घेता येत नाही. आपण शेतकरी आहात असे पत्रात म्हटलेले नाही. दुसरे असे की, शेतजमिनीचे लहान लहान तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. त्या नियमांत अलीकडच्या वर्षांत काही सवलती दिल्या गेल्या असल्या, तरी ‘आता सगळे मोकळे झाले आहे’ हे एजंटाचे वाक्य कागदाची जागा घेऊ शकत नाही. पुष्कळदा असे होते की वीस-पंचवीस जणांची नावे एकाच सामायिक सातबाऱ्यावर चढवली जातात आणि प्रत्येकाला चुन्याची रेघ मारून ‘हा तुमचा तुकडा’ असे दाखवले जाते. पुढे एकाने कर्ज काढले किंवा दोघांत वाद झाला की बाकीच्यांचीही वाट अडते.

म्हणून एजंटाकडे पुढील गोष्टी लेखी मागाव्यात आणि साताऱ्यातील किंवा वाईतील, एजंटाने न सुचवलेल्या वकिलाला दाखवाव्यात : जागा बिगरशेती असल्याचा आदेश व मंजूर रेखांकन, चालू सातबारा व मागील तीस वर्षांचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), आणि जागेपर्यंत जाणारा रस्ता नकाशावर आहे की नुसत्या वहिवाटीचा आहे याचा पुरावा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे सरकारी परवानगीवाचून विकता न येणारी जमीन) असे लिहिले असेल, देवस्थान इनामाचा उल्लेख असेल किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात पुनर्वसनाचा शेरा असेल, तर तेथेच थांबावे. धोम-बलकवडीसारख्या धरणांच्या परिसरात हा शेवटचा शेरा विशेष काळजीने वाचला पाहिजे. हा रकाना बारीक अक्षरांत असतो आणि बहुतेक खरेदीदार तो वाचतच नाहीत, याचे मला नेहमी दुःख होते. त्यात आयुष्यभराची पुंजी अडकलेली माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

फ्लॅट आधी विकू नये याला कराचेही कारण आहे. जुने घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील कर वाचवावयाचा असेल, तर विक्रीपूर्वी एक वर्षाच्या किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरे घर घ्यावे लागते, अथवा तीन वर्षांच्या आत बांधून पूर्ण करावे लागते. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर ते घर धरले जात नाही. म्हणजे फ्लॅट विकला त्याच दिवसापासून मुदत मोजली जाऊ लागते आणि माणूस घाईने, मिळेल ते घेऊन मोकळा होतो. त्यातून जागा बिगरशेती नसल्यामुळे बांधकाम परवानाच मिळाला नाही, तर घरही नाही आणि करसवलतही नाही, अशी स्थिती ओढवते. आपल्या सनदी लेखापालांशी यावर अवश्य बोलावे.

वर्षभर राहून मन पक्के झाले, तर माझा कल गावातील तयार घराकडे आहे. चालू प्रकल्पातील सदनिका असेल तर महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, त्या प्रकल्पाची नोंदणी आहे का ते पाहावे. खरेदी एकट्या आपल्या पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तळमजला नको म्हणावे, तर आपली अडचण जिन्याची आहे. तेव्हा नदीपासून दूर, उंच जोत्याचे, भोवती मोकळा वारा असलेले घर किंवा लिफ्ट असलेली इमारत, एवढाच मार्ग उरतो.

सर्वांत महत्त्वाचे आपले हृदय. पन्नाशी-साठीच्या माणसांना गाव निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : रात्री अडीच वाजता छातीत कळ आली तर आपण कोणत्या दारात जाणार? वाईत प्राथमिक उपचार चांगले मिळतात आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही येते. मात्र अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने साताऱ्याचा, म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटरचा हिशेब धरला पाहिजे. पुणे पाऊणशे-नव्वद किलोमीटरवर आहे, पण मध्ये खंबाटकीचा घाट आहे आणि शनिवार-रविवारी किंवा नाताळच्या आठवड्यात महामार्गावर व पसरणीच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते तिचा भरवसा देता येत नाही. भाड्याच्या घरात आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन कोणत्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते, आपला आरोग्य विमा तेथे चालतो काय, हे पाहून यावे आणि तो रस्ता एकदा रात्री पार करून पाहावा. त्या रुग्णालयाचा व रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन शेजाऱ्यांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावावा. आमच्या घरी असा कागद आहे. दोनदा उपयोगी पडला.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. घरभाडे, भाजी, दूध, घरकामाची मदत यांत बचत होते. विजेच्या दरात काहीच होत नाही, कारण डोंबिवलीतही महावितरण आणि येथेही महावितरण. औषधांचा खर्च तोच राहतो. प्रवासाचा वाढतो, कारण वाईला रेल्वे नाही. वाठार किंवा सातारा गाठावे लागते. एसटी मात्र भरपूर आहे. आपल्या पत्नींना महिला सन्मान योजनेमुळे अर्धे तिकीट लागेल, आपल्याला ती सवलत पासष्टाव्या वर्षी आणि दोघांनाही पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास मिळेल. अडतीस हजारांत दोघांचे येथे नीट भागते, परंतु दरमहा पाच-सहा हजार रुपये आजारपणासाठी बाजूला पडले पाहिजेत, हे गृहीत धरूनच मी असे म्हणतो.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून हिंजवडीतील एका कंपनीत काम करतो. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जावे लागते. पत्नी घरून शिकवण्या घेते, मुलगा सात वर्षांचा आहे. पुण्यातील भाड्याला कंटाळून भोर येथे राहावयास जावे असे वाटते. अंतर पाहता रोजचे जाणे-येणे जमेल काय?
— एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर : तीन दिवसांचे कार्यालय असेल तोवर जमणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भोर पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे हे खरे, पण ते अंतर पुण्याच्या दक्षिण टोकापासून सुखाचे आहे, हिंजवडीपासून नव्हे. आपल्याला कापूरहोळला महामार्गावर येऊन, खेड शिवापूरचा टोल भरून, कात्रज आणि नवले पुलाची गर्दी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे आहे. सकाळी सव्वासहाला निघालात तर बरे, साडेसातला निघालात तर दोन-अडीच तास धरून चाला. परतीला तेवढेच. आठवड्यातून तीन दिवस सात वर्षांच्या मुलाला बाप झोपलेलाच दिसेल किंवा झोपताना दिसेल, आणि वाचलेल्या भाड्यातील बरीचशी रक्कम पेट्रोल व टोलमध्ये जाईल.

आपले काम पूर्णपणे घरून होऊ लागले तर उत्तर बदलते. भोर मला मनापासून आवडते. ते जुन्या संस्थानाचे गाव असल्यामुळे राजवाडा, बाजारपेठ, शाळा, नीरेचा काठ असे सर्व चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मात्र तेव्हाही घर गावात घ्यावे, भाटघरच्या जलाशयाकाठी एकट्या टेकडीवर घेऊ नये. पावसाळ्यात झाड पडून वीज गेली की बाजारपेठेतील ती दोन तासांत येते आणि आतल्या वाडीतील दुसऱ्या दिवशी येते. इंटरनेटसाठी घर पाहतानाच, करार करण्यापूर्वी, शेजाऱ्यांकडे कोणाची जोडणी आहे आणि जुलैत ती किती दिवस बंद होती हे विचारावे. कंपनीच्या माणसाचे उत्तर आणि शेजाऱ्याचे उत्तर यांत शेजाऱ्याचे खरे मानावे. दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची आणि इन्व्हर्टर, हे दोन खर्च भाड्याइतकेच अटळ समजावेत. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच करावा, कायद्याने तो आवश्यक आहे. ‘येथे सगळे तोंडीच चालते’ असे घरमालक म्हणाले, तरी नम्रपणे आग्रह धरावा.

मुलाच्या शाळेचा निर्णय मात्र त्याच्या आईने स्वतः तेथे चार दिवस जाऊन, वर्गात बसून, शिक्षकांशी बोलून करावा. त्याविषयी दुरून सल्ला देणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रश्न : आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या उतारावरील एका वाडीत आहे. वडील घाटकोपरला माथाडी कामगार होते, ते गेल्या वर्षी वारले. मी ५५ वर्षांची असून एकटी आहे. गावचे कौलारू घर आजोबांच्या नावावर असून त्यात दोन चुलतभावांचाही हिस्सा आहे. घर दुरुस्त करून तेथेच राहावे असे मनात आहे. माझ्याजवळ साधारण बारा लाख रुपये आहेत. भाऊ म्हणतात, ‘ताई, तू ये, घर तुझेच आहे.’ हे योग्य होईल काय?
— एक वाचक भगिनी, घाटकोपर

उत्तर : ताई, भावांचे बोलणे मनापासूनचे असेल अशी माझी श्रद्धा आहे. तरीही पहिली वीट लावण्यापूर्वी कागद करावेत, आणि ते भावांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर भावांच्या मुलांच्या व सुनांच्या काळातही नाते टिकावे म्हणून करावेत. घर आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे दोन पिढ्यांची वारस नोंद राहिलेली आहे. वडिलांच्या व आजोबांच्या मृत्यूचे दाखले जोडून ती आधी करून घ्यावी. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तेव्हा आपले नाव वारसांत लागलेच पाहिजे. ‘बहिणीने हक्कसोड करून द्यायचा असतो’ असे कोणी सुचवले तर सही करू नये. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. आपल्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका कोणाच्या नावाने निघाली आहे ते पाहावे आणि चुकले असेल तर हरकत नोंदवावी. त्यानंतर वाटणीपत्र करून ते नोंदवावे. हे होईपर्यंत पावसापुरती कौले शाकारण्याएवढाच खर्च करावा.

याहून मोठी काळजी मला त्या उताराची आहे. माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये, ही तिन्ही गावे जुलै महिन्यातच दरडीखाली गेली, आणि २०२१ च्या त्याच पावसात आपल्या पाटण तालुक्यातही दरडींनी माणसे गेली आहेत. आपली वाडी धोकाग्रस्त गावांच्या यादीत आहे काय, हे तहसील कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावे. स्वतःही पाहावे : घराच्या वरच्या अंगाला जमिनीला भेगा आहेत का, झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत का, पूर्वी नसलेला झरा अचानक फुटला आहे किंवा झऱ्याचे पाणी गढूळ झाले आहे का, वरच्या बाजूला रस्त्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी डोंगर कोरला आहे का. यांपैकी एकही खूण दिसली, तर जुलै-ऑगस्टचे दोन महिने तेथे झोपू नये.

शिवाय पाटण हा कोयनेचा मुलूख आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाच्या आठवणी आपल्या घरात ऐकल्या असतील. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर जड कौले, अशी घरे तेव्हा सर्वांत आधी कोसळली. म्हणून दुरुस्ती करताना गिलावा आणि फरशीवर पैसे घालण्याआधी भिंतींना जोत्याच्या, दारावरच्या आणि छपराखालच्या पातळीवर सळईचे पट्टे घालावेत, कोपरे बांधून घ्यावेत आणि छप्पर हलके करावे. गवंड्याला हे माहीत असतेच असे नाही. एखादा स्थापत्य अभियंता एकदा घरी नेऊन त्याच्याकडून नकाशावर लिहून घ्यावे.

एक पर्याय सुचवतो. पाटण गावातच, एसटी स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात, वाडीवर येऊन-जाऊन राहावे आणि बारा लाखांना तूर्त हात लावू नये. वारस नोंद व वाटणीला वर्ष-दीड वर्ष सहज लागेल. तेवढ्यात एक पावसाळा वाडीचा उतार कसा वागतो तेही दिसेल. पत्ता बदलल्यावर मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा, शिधापत्रिका व गॅस जोडणी हलवावी, परंतु मुंबईतील बँक खाते इतक्यात बंद करू नये. आणि येत्या मे महिन्यात चुलतभाऊ सुट्टीला गावी येतील, तेव्हा दोन्ही वहिनींनाही बोलावून, सर्वांच्या देखत, वाटणीचा विषय आपणच काढावा.